कूलर, चक्की अन् पंचवीस हजारांचे बड्स

पत्र: दादा नमस्कार. मी नागपूरच्या महाल भागात राहते, जॉब पुण्याच्या कंपनीत आहे पण काम घरूनच. दिवसातला अर्धा वेळ मीटिंगमध्येच जातो. घर जुनं, खाली आटाचक्की, हॉलमध्ये मोठा लोखंडी कूलर, अन् दुपारनंतर सासूबाईंच्या सिरियली. मी बोलायला लागले की समोरचे विचारतात, तुमच्याकडे काय चालू आहे? म्हणून नॉइज कॅन्सलिंगचे वायरलेस बड्स घ्यायचं डोक्यात आहे. आमचे हे म्हणतात बर्डीच्या बाजारात दीड हजारात मिळतात, तेच घे. ननंद बंगलोरला असते, ती म्हणते पंचवीस हजारांच्या खाली बघूच नको, अन् तिचे तीन वर्षं वापरलेले मला आठ हजारांत द्यायला तयार आहे. सासूबाई म्हणतात कानात बोळे घालून बसशील तर बहिरी होशील. माझे कान लहान आहेत, साधे इअरफोनही तासाभरात दुखतात. बजेट पाच-सहा हजारांपर्यंत ताणता येईल. खरंच फायदा असतो की नुसती फॅशन आहे?
— एक वाचक, महाल

उत्तर:

ताई, तुमच्या पत्रात सगळ्यात महत्त्वाचं वाक्य ते 'समोरचे विचारतात' वालं आहे, अन् तिथंच गडबड आहे, म्हणून आधी तेच घेतो. नॉइज कॅन्सलेशन, म्हणजे डब्यावर एएनसी लिहिलेलं असतं ते, तुमच्या कानासाठी असतं. चक्की तुम्हाला ऐकू येणार नाही, पुण्यातल्या मॅनेजरला मात्र ती पहिल्यासारखीच ऐकू येत राहील. उलट होतं असं की तुम्हाला सगळं शांत वाटतं, तुम्ही निवांत बोलत बसता, म्यूट करायचं भानही राहत नाही, अन् तिकडे चार लोकं चक्कीचा पट्टा ऐकून राहिले असतात.

समोरच्याला तुमचा आवाज स्वच्छ जावा यासाठी जे असतं ते वेगळं, त्याला ईएनसी म्हणतात. ते बड्सच्या माइकवर काम करतं, तुमचा आवाज ठेवून मागचा गोंगाट कापायचा प्रयत्न करतं. स्वस्तातल्या डब्यांवर ईएनसी एवढं मोठं छापलेलं असतं की माणूस एएनसी समजून घेऊन येतो, अन् घरी आल्यावर कळतं की कानात काहीच शांत होत नाहीये. बर्डीवरचे जे दीड हजारवाले तुमचे हे म्हणून राहिले, त्यांचा डबा एकदा नीट वाचायला सांगा त्यांना, बरेचदा हाच घोळ असतो.

अन् ईएनसी चांगलं असलं तरी बड्सच्या माइकला एक अडचण आहे जी पैशाने पूर्ण जात नाही. माइक कानाजवळ असतो, तोंडापासून चांगला वीतभर लांब. तुमचं बोलणं तिथं पोचेपर्यंत कूलरही तेवढ्याच जोरात पोचलेला असतो, मग आतलं सॉफ्टवेअर दोन्ही वेगळे करायला जातं अन् त्या नादात तुमच्या शब्दांचे कडेकोपरे खातं. म्हणून मिहानमधल्या आयटी कंपन्यांत सपोर्टची नोकरी करणारं कोणी ओळखीचं असेल तर विचारा, ऑफिसात त्यांना बहुतेक दांडीच्या माइकचा वायरवाला हेडसेटच दिलेला असतो, यूएसबीचा. तोंडासमोर दोन बोटांवर माइक. दिसायला अगदीच बेकार, पण दोन-अडीच हजारांत चांगला येतो, चार्जिंगची कटकट नाही अन् समोरच्याचा 'काय चालू आहे' हा प्रश्न बराचसा तिथंच संपतो. तुमचा त्रास फक्त मीटिंगचाच असेल तर माझं उत्तर इथंच आहे, बड्स घेऊ नका.

पण तसा तो नसावा असं पत्रावरून वाटून राहिलं. दिवसभर चक्कीच्या वर बसून एक्सेल पाहणाऱ्या बाईचं डोकं संध्याकाळपर्यंत भणभणतं, तिथं बड्सचा खरोखर उपयोग आहे, अन् नेमका तुमच्या घरातल्या आवाजांवर तर भारीच उपयोग आहे, ते कसं ते सांगतो.

बड्सच्या बाहेर एक छोटा माइक असतो, चांगल्या बड्समध्ये आतल्या बाजूलाही एक असतो. बाहेरचा आवाज आला की आतली चिप त्याच्या बरोब्बर उलटी लाट तयार करून कानात सोडते, वरची लाट खालच्या लाटेला भेटली की दोघी मिळून शून्याच्या जवळ जातात. कल्पना जुनी आहे, पॉल ल्यूग नावाच्या जर्मन माणसाला याचं अमेरिकन पेटंट १९३६ सालीच मिळालं होतं. पण ती कानावर आली ती अमर बोस यांच्यामुळे, वडील बंगालचे, स्वतः अमेरिकेत प्राध्यापक अन् बोस कंपनीचे मालक. १९७८ साली झुरिचहून बोस्टनला जाताना विमानात दिलेल्या हेडफोनमध्ये इंजिनाच्या आवाजापुढे गाणं काही धड ऐकू येईना, तिथंच त्यांनी हिशोब मांडायला घेतला. बाजारात माल यायला १९८९ उजाडलं, तोही वैमानिकांसाठी.

आता ही उलटी लाट जुळवायला चिपला थोडा तरी वेळ लागतोच. आवाज जाड अन् एकसारखा असला तर तो वेळ मिळतो. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला पन्नास हेलकाव्यांची, त्यामुळे कूलरची मोटर काय अन् चक्कीची मोटर काय, त्यांची जी घूं असते ती बरीचशी त्याच्या दुप्पट, १०० हर्ट्झच्या आसपासची. त्या आवाजाची एक लाट साधारण साडेतीन मीटर लांब असते, म्हणजे तुमच्या खोलीच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत. एवढ्या लांब लाटेत किंचित उशीर झाला तरी बिघडत नाही, उलटी लाट बसते बरोबर. पण सिरियलमधली सासू किंचाळली की तो आवाज ३००० हर्ट्झच्या घरात, लाट फक्त अकरा-बारा सेंटिमीटर, तिथं थोडं मागेपुढे झालं की सगळं चुकलं. म्हणून घूं जाते अन् किंचाळी राहते. हॉर्न, कुकरची शिट्टी, भांडं पडणं, भाजीवाल्याची हाळी, यातलं एएनसी काहीच थांबवत नाही. जे थोडंफार कमी होतं ते कानात सिलिकॉनचं बूच बसल्यामुळे, ते तर बिनबॅटरीचंही होतं.

उलट एक गंमत आहे ताई, घूं गेल्यावर बोलणं जास्त स्पष्ट ऐकू येतं. आधी कूलरखाली दबलेली सिरियल आता एकदम मोकळी होऊन कानात शिरते. त्यावर उपाय म्हणजे हळू आवाजात काहीतरी लावून ठेवणं, गाणी नको असतील तर नुसता पावसाचा आवाज. एएनसी अन् वरून थोडा पाऊस, एवढ्यात सासूबाईंचा टीव्ही बराच मागे जातो.

कूलरची मात्र एक गोष्ट डब्यावर लिहिलेली नसते अन् नागपुरात तीच सगळ्यात जास्त नडते. मे महिन्यात आपण बसतो कुठं? कूलरच्या समोर. तो वारा सरळ बड्सच्या बाहेरच्या माइकवर आदळतो, माइकला वाटतं हाही आवाजच आहे, अन् कानात फर्रर्र फर्रर्र सुरू होतं, एएनसी चालू केल्यावर बंद असतानापेक्षा जास्त त्रास. लोकं म्हणतात पीस खराब आला. पीस बरा असतो, खुर्ची चुकीची असते. झोतातून बाजूला सरका, वारा पाठीवर किंवा टेबलाखालून येऊ द्या, किंवा सेटिंगमध्ये विंड नॉइज कमी करायचा पर्याय असेल तर तो लावा. बोलतानाही तेच, झोत माइकवर आला की समोरच्याला तुमच्याऐवजी वादळ ऐकू येतं. कूलरच्या ताटीवरून पाणी ठिबकतं तो आवाज बारीक असतो, तो राहीलच, पण त्याचा तसा कोणाला त्रास होत नाही, मला तर आवडतो.

कान दुखण्याचं. तुम्ही दोष कानाला देऊन राहिल्या, पण बहुतेक वेळा दोष टिपचा, म्हणजे बड्सच्या टोकाच्या त्या मऊ बुचाचा असतो. डब्यात तीन मापाचे सिलिकॉनचे टिप येतात, त्यातला मधला आधीच लावलेला असतो अन् बरीच लोकं तो कधी बदलतच नाहीत. लहान कानात मधल्या मापाचा टिप खुपसला की तासाभरात दुखणारच. लहान लावून पाहा, काही कंपन्या त्याहून लहानही देतात. बसला का नाही ते ओळखायचं असं की एएनसी बंद ठेवून बड्स घालायचे अन् स्वतःशी बोलायचं, आपलाच आवाज डोक्यात घुमल्यासारखा आला अन् बाहेरचं दबलं तर बसला. सैल असेल तर पंचवीस हजारांचं एएनसीही दीड हजारांसारखं चालतं, कारण फटीतून सगळं आत येतं. दोन कानांना दोन वेगळी मापं लागली तरी काही लाजायचं नाही, बऱ्याच जणांना लागतात. सिलिकॉन सोसत नसेल तर फोमचे टिप मिळतात, दाबून घालायचे, आत जाऊन फुगतात, लहान कानाला मऊ पडतात. सोनीच्या महागड्या बड्ससोबत डब्यातच फोमचे येतात, बाकीच्यांना वेगळे घ्यावे लागतात अन् दर काही महिन्यांनी बदलावे लागतात, कारण घामाने ते चिकट होतात.

टिप बरोबर असूनही कान दडपल्यासारखे, घाटात गाडी चढल्यासारखे वाटले तर तो एएनसीचा परिणाम. सगळ्यांना होत नाही, पण ज्यांना होतो त्यांना नकोसं होतं. काही बड्समध्ये त्याचा जोर कमी-जास्त करता येतो. म्हणूनच दुकानात घालून पाहणं गरजेचं, ऑनलाइन मागवले अन् एकदा कानात गेले की बऱ्याच ठिकाणी परत घेत नाहीत, बिघाड असेल तरच बदलून देतात.

आता सासूबाई. त्या अगदीच चुकीचं नाही म्हणून राहिल्या हं, फक्त कारण वेगळं आहे. कान बोळ्याने नाही जात, व्हॉल्यूमने जातात. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब असा की मोठ्या माणसाने ८० डेसिबलवर आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकलं तर चालतं, अन् तेच ९० डेसिबलवर गेलं की आठवड्याला फक्त ४ तास. साधे इअरफोन लावून चक्कीच्या वर बसलं की माणूस काय करतो, चक्कीच्या वरताण आवाज चढवतो. एएनसीने चक्की खाली गेली की तेच गाणं निम्म्या व्हॉल्यूमवर पुरतं, म्हणजे इथं बड्स कानाच्या बाजूनेच आहेत, पण तुम्ही व्हॉल्यूम खरंच खाली आणला तरच. फोनमध्ये हेडफोनच्या आवाजाला मर्यादा घालायची सोय बहुतेक असते, ती लावून ठेवा. ब्लूटूथच्या लहरींची भीती कोणी घातली तर सोडून द्या, कानाला लावलेला फोन त्याहून कितीतरी जास्त पॉवरवर चालतो अन् तो आपण सगळेच लावतो.

काळजी करायची ती घामाची. आपल्याकडे जून-जुलैत उकाडा अन् दमट दोन्ही एकदम येतं, कान दिवसभर बुचात बंद राहिला की आत ओल राहते, खाज सुटते, बुरशी धरते. तासाभराने काढून कानाला हवा लागू द्या, टिप काढून पाण्याने धुवा अन् पूर्ण कोरडे झाल्यावरच लावा, जाळीवर मळ बसला तर मऊ कोरड्या ब्रशने झटका, तिथं पाणी लावायचं नाही. कान वाहत असेल किंवा आधी कधी पडद्याचा त्रास झाला असेल तर कानाच्या डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊच नका.

सासूबाईंचा खरा राग बहिरेपणाचा नसावा असं मला वाटतं बाप्पा. त्या हाक मारतात, तुम्ही ओ देत नाही, त्यांना वाटतं मुद्दाम. ट्रान्स्परन्सी मोड म्हणून एक असतो, त्यात बाहेरचा आवाज माइकमधून आत सोडतात, मीटिंग नसेल तेव्हा तो लावा किंवा एकच बड घाला. अन् त्या समोर येऊन बोलायला लागल्या की बड कानातून काढून हातात घ्या, तुम्हाला ट्रान्स्परन्सीमध्ये स्वच्छ ऐकू येत असलं तरी काढा. त्यांना कुठं माहीत कोणता मोड चालू आहे. घरात तुम्ही एकट्या असाल अन् गॅसवर काही ठेवलं असेल तर दोन्ही कान बंद करून बसू नका. गाडीवर तर अजिबातच नको, हेल्मेटच्या आत लपवून घालणारे पोट्टे दिसतात रोज, मागून ट्रकचा हॉर्न आला तर ऐकणार कोण.

पैशाचं बोलू. दोन हजारांच्या खाली एएनसी असतं पण नावापुरतं, घूं थोडी बारीक होते इतकंच. पाच ते आठ हजारांमध्ये वनप्लस, नथिंग, साउंडकोर यांचे जे येतात त्यात कूलर अन् चक्की खरोखर मागे जातात. वीस-पंचवीस हजारांत ॲपल, सोनी, बोस. ते चांगलेच आहेत, माणसांचे आवाजही थोडे जास्त दाबतात, ट्रान्स्परन्सी एकदम नैसर्गिक वाटते, पण तुमच्या घरातला मुख्य आवाज घूं आहे अन् घूं काढायला पंचवीस हजार लागत नाहीत. शिवाय तुमचा फोन अँड्रॉइड असेल तर एअरपॉड्सची बरीच सेटिंगं त्यावर दिसतही नाहीत. डब्यावरच्या ५० डीबी, ५५ डीबी (म्हणजे डेसिबल) आकड्यांच्या नादी लागू नका, तो एखाद्याच जाड आवाजावर मिळालेला सगळ्यात भारी आकडा असतो, सगळ्या आवाजांवर तेवढं कापलं जात नाही. अन् बर्डीच्या फुटपाथवर फर्स्ट कॉपी एअरपॉड्स मिळतात, डबा तोच, फोनवर चित्रही तसंच उघडतं, त्याला भुलू नका.

लॅपटॉप विंडोजचा असेल तर अजून एक पाहून ठेवा. बड्सचा माइक चालू झाला की ब्लूटूथ दुसऱ्या मोडमध्ये जातं अन् तुमच्या कानातला आवाज एकदम फाटका, मोनो होतो. पीस खराब नसतो, बहुतेक वायरलेस बड्सचं असंच आहे. मीटिंगच्या सेटिंगमध्ये स्पीकर म्हणून बड्स अन् माइक म्हणून लॅपटॉप किंवा वेगळा माइक निवडला की आवाज परत सुधारतो. घेताना मल्टिपॉइंट आहे का विचारा, म्हणजे फोन अन् लॅपटॉप दोन्हीला एकाच वेळी जोडलेले राहतात, नाहीतर दर कॉलला तोड-जोड करत बसाल.

ननंदबाईंचे आठ हजारवाले घेऊ नका. कितीही भारी कंपनीचे असोत. एका बडमध्ये साधारण ५० एमएएचची एवढीशी बॅटरी असते, रोज चार्ज-डिस्चार्ज होऊन तीन वर्षांत ती थकलेलीच असते, नवे असताना एएनसी लावून सहा तास चालत असतील तर आता तीन चालले तरी खूप, अन् ती बॅटरी बदलायची सोय बहुतेक बड्समध्ये नसतेच. वॉरंटीही संपलेली. शिवाय कानात घालायची वस्तू, ती सेकंडहँड काहून घ्यायची. त्यांना वाईट वाटू नये म्हणून सांगा की माझ्या कानाला त्याचं माप बसत नाही, अन् ते बहुतेक खरंच निघेल.

नवे घेतले तरी अडीच-तीन वर्षांनी हेच होणार हे धरूनच चाला, वायरच्या इअरफोनसारखे वर्षानुवर्षं टिकणारे नाहीत हे. वरून आपला उन्हाळा. ॲपल स्वतःच्या वस्तू ४५ डिग्रीच्या वर ठेवू नका म्हणते, अन् आपल्याकडे मे अखेरच्या नवतप्यात नुसत्या सावलीत तेवढं होतं, उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत तर विचारू नका. केस गाडीत, गच्चीवर, खिडकीच्या कठड्यावर ठेवायची नाही, अन् भर दुपारी तापलेल्या खोलीत चार्जिंगला लावण्यापेक्षा रात्री लावा. आयपीएक्स ४ लिहिलेलं असेल तर घाम अन् शिंतोडे चालतात, पण ते बड्सपुरतं, केसला बरेचदा काहीच संरक्षण नसतं, कूलरमध्ये पाणी भरताना ती खिशात नको.

तर तुमच्यासाठी असं करा. सहा हजारांतले दोन-अडीच आधी यूएसबीच्या दांडीवाल्या हेडसेटला घाला, मीटिंगचा प्रश्न या आठवड्यातच मिटेल. उरलेल्यात लगेच काही घाई करू नका, थोडे साठवा अन् पाच-सहा हजारांचे बड्स सणाच्या सेलमध्ये पाहा, तेव्हा वरच्या रेंजमधलेही त्या भावात उतरतात. घेण्याआधी धरमपेठ-सदरकडच्या एखाद्या मोठ्या दुकानात जाऊन डेमो पीसवर माप बघून या, अन् बघताना दुकानातल्या एसीखाली किंवा पंख्याखाली उभं राहून एएनसी चालू-बंद करून पाहा, शांत कोपऱ्यात उभं राहून काही कळत नाही. डेमोचे टिप आधी पुसून घ्या. पुण्याला ऑफिसने बोलावलं अन् ट्रॅव्हल्सच्या मागच्या स्लीपरमध्ये इंजिनाच्या डोक्यावर झोपायची वेळ आली, तर तिथं याचे पैसे एका रात्रीत वसूल होतात. बिल पक्कं घ्या, जीएसटीचं, तारखेसकट, कारण एक बड बंद पडला की वॉरंटीला पहिलं तेच मागतात.